छावणीच्या आत झाडलेल्या गोळ्या

४ डिसेंबर २०१९ च्या सकाळी बस्तरमधल्या नारायणपूर जिल्ह्यात, कडेनारच्या छावणीत, भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या एका जवानाने सर्व्हिस रायफलने आपल्याच सहकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. पाच जण गेले, दोघे जखमी झाले आणि गोळ्या झाडणाराही त्याच सकाळी मेला. त्याच्या दोन वर्षे आधी, ९ डिसेंबर २०१७ ला, बिजापूर जिल्ह्यातल्या बासागुडा इथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या १६८ व्या बटालियनमधल्या जवानाने एके-४७ ने चौघांना ठार केले होते. पुढे ८ नोव्हेंबर २०२१ ला, पहाटे साडेतीनच्या सुमारास, सुकमा जिल्ह्यातल्या लिंगमपल्ली छावणीत त्याच दलाच्या ५० व्या बटालियनचे चार जवान सहकाऱ्याच्या गोळ्यांनी मारले गेले आणि तिघे जखमी झाले. दिवाळी नुकतीच उलटली होती, छठ दोन दिवसांवर आली होती. या तिन्ही ठिकाणी नक्षलवाद्यांचा हल्ला नव्हता, भूसुरुंग नव्हता. बंदूक सरकारने दिलेली होती, मारणारा आणि मरणारे एकाच बराकीत झोपणारे होते.

अमेरिकेत सामूहिक गोळीबार मोजण्याच्या अनेक व्याख्या आहेत. त्यांतली कडक व्याख्या गोळ्या झाडणारा सोडून किमान चार मृत्यूंची. आपल्या या तिन्ही घटना तिच्यात बसतात. तरी आपल्याकडे त्यांची चर्चा त्या नावाने होत नाही.

मी राहतो ती गुढियारी रायपूर स्टेशनाच्या पलीकडच्या अंगाला आहे. ठोक बाजाराची, हमालांची आणि मालट्रकांची ही वस्ती. सुट्टीवर निघालेले आणि सुट्टीवरून परतणारे जवान या स्टेशनावर रोज दिसतात. पुढचा तीनशे किलोमीटरचा जगदलपूरचा रस्ता त्यांना केशकालच्या घाटातून कापायचा असतो. इथल्या मराठी घरांतून मुले पुण्याला, बंगळुरूला आणि तिथून अमेरिकेला गेलेली आहेत. तिकडे एखाद्या शाळेत गोळीबार झाला की त्याच रात्री इथून फोन जातात, ‘तुमच्यापासून ते गाव किती लांब?’ असे विचारले जाते. लिंगमपल्ली आमच्यापासून किती लांब, हे मात्र कोणी कोणाला विचारले नाही. म्हणून हा प्रश्न अमेरिका आणि बस्तर यांना शेजारी ठेवून तपासावा असे मला वाटते. दोन्हीकडे तोच वाद आहे, दोष मनाचा की बंदुकीचा, आणि दोन्हीकडे तो चुकीच्या जागी अडकलेला आहे.

अमेरिकेतले आकडे आधी पाहू. जिनेव्याच्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार तिथे नागरिकांच्या हाती ३९ कोटींहून अधिक बंदुका आहेत, दर शंभर माणसांमागे सुमारे १२०. त्याच अंदाजात भारताचा आकडा शंभरामागे पाच-साडेपाचच्या आसपास येतो, आणि त्यातल्या बहुसंख्य बंदुका विनापरवाना आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४७ हजार माणसे मेली. त्यांतल्या २७ हजारांहून अधिक आत्महत्या होत्या. ज्या सामूहिक गोळीबारांनी जगभरच्या बातम्या भरतात त्यांत मेलेल्यांचे प्रमाण या एकूण आकड्यात एक टक्क्याच्या आसपासच असते. बंदूक सर्वांत जास्त वेळा जीव घेते तो ती चालवणाऱ्याचाच. बस्तरच्या छावण्यांतही हेच खरे आहे, आणि त्याकडे मी पुढे येणार आहे.

आता मनाचा प्रश्न. कोणी चारपाच माणसे ठार केली की ‘डोके फिरले असणार’ असे आपण पटकन म्हणतो, कारण शहाण्या माणसाने असे करावे हे आपल्याला सहन होत नाही. पण अभ्यास वेगळे सांगतात. ड्यूक विद्यापीठाचे जेफ्री स्वॉन्सन यांनी अमेरिकी समाजातल्या हिंसेचा हिशेब मांडला. त्यांच्या मते गंभीर मानसिक आजार उद्या पूर्णपणे नाहीसे झाले, तरी हिंसा चारेक टक्क्यांनीच घटेल. एफबीआयने २००० ते २०१३ या काळातल्या ६३ हल्लेखोरांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या चौथ्या हिश्श्याच्याच बाबतीत मानसिक आजाराचे निदान झाल्याची खात्री करता आली. मात्र बहुतेकांच्या आयुष्यात हल्ल्याच्या आधीच्या वर्षात ताणांचा ढीग साचला होता. पैसा, नोकरी, घरातली भांडणे, खचलेले मन. त्यांचे वागणे बिघडत चालल्याचे आसपासच्या कोणा ना कोणाला जाणवलेही होते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला पाहून घाबरण्याचे कारण नाही. अशा रुग्णाने मारण्यापेक्षा मार खाण्याची शक्यता कितीतरी जास्त. प्रश्न आहे तो आजार म्हणून नोंदलाही न गेलेल्या, पण सगळ्यांना दिसणाऱ्या कोसळण्याचा.

ते दिसूनही शस्त्र हातात कसे राहते, हे अमेरिकेच्या तीन प्रकरणांतून कळते. १६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना मारले. मरणाऱ्यांत तमिळ प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन होते, मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती. या विद्यार्थ्यापासून त्याच्या स्वतःच्या जिवाला धोका आहे असे २००५ मध्येच न्यायिक अधिकाऱ्याने ठरवले होते आणि त्याला बाह्यरुग्ण उपचार घेण्याचा आदेश दिला होता. पण तो आदेश बंदूक विक्रीच्या तपासणी यादीपर्यंत पोचला नाही, आणि त्याने दोन पिस्तुले रीतसर विकत घेतली. दुसरे प्रकरण फोर्ट हूडचे. ५ नोव्हेंबर २००९ ला टेक्सासमधल्या या लष्करी तळावर १३ जण मारले गेले. गोळ्या झाडणारा लष्कराचाच मनोविकारतज्ज्ञ होता, मेजर हुद्द्याचा. मनाचा डॉक्टर नेमला म्हणजे काम झाले असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. तिथे प्रश्न उपचारांच्या अभावाचा नव्हता, वरिष्ठांनी दिसणाऱ्या खुणा कागदावरून वगळण्याचा होता.

तिसरे प्रकरण बस्तरच्या सर्वांत जवळचे आहे. मेन राज्यातल्या लुइस्टन गावात २५ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी अमेरिकी राखीव सैन्याच्या एका जवानाने १८ माणसे मारली. त्याला आवाज ऐकू येत होते. लोक आपल्याबद्दल कुजबुजतात असे त्याला वाटे. त्या उन्हाळ्यात तो दोन आठवडे रुग्णालयात होता. तुकडीतल्या मित्राने वरिष्ठांना लेखी कळवले होते की हा माणूस फुटेल आणि गोळीबार करील. स्थानिक पोलीस त्याच्या घरी गेले, दार उघडले नाही म्हणून परतले. मेनमध्ये अशा माणसाची शस्त्रे तात्पुरती काढून घेण्याचा कायदा होता, पण तो कोणी वापरला नाही. राज्याने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने जाहीर सुनावण्या घेतल्या, जखमींचे आणि नातेवाइकांचे म्हणणे ऐकले आणि २०२४ च्या अहवालात कोणत्या कार्यालयाने काय केले नाही ते स्पष्ट लिहिले.

महाराष्ट्राकडे वळल्यावर पहिली गोष्ट दिसते ती ही की इथेही गाजलेल्या अनेक घटनांत बंदूक सरकारी किंवा परवान्याची होती. १६ जानेवारी २०१८ ला दौंडमध्ये राज्य राखीव दलातल्या एकाने भर वस्तीत तीन नागरिकांना गोळ्या घालून मारले. जून २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या मरपल्ली पोलीस मदत केंद्रात राखीव दलाच्या जवानाने सहकाऱ्याला मारून स्वतःला संपवले. २४ जुलै २०२३ च्या पहाटे पुण्यात बाणेरला, अमरावतीत नेमणुकीस असलेल्या सहायक पोलीस आयुक्ताने पत्नीला आणि पुतण्याला मारले आणि मग स्वतःवर गोळी झाडली. बरोबर एका आठवड्याने, ३१ जुलैला, जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये पालघरच्या आसपास रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायाने आधी आपल्या वरिष्ठाला आणि मग वेगवेगळ्या डब्यांत शोधून तीन मुस्लीम प्रवाशांना ठार केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असताना हत्या झाली. मारेकऱ्याकडचे पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे होते.

रेल्वेतल्या घटनेवर थांबायला हवे. त्या पहाटे शिपायाने बरे वाटत नाही म्हणून ड्युटी लवकर सोडण्याची परवानगी मागितली होती, असे सहकाऱ्याच्या जबाबात आले आहे. म्हणजे काहीतरी बिघडले आहे हे सोबतच्यांना कळले होते, आणि तरी रायफल पुन्हा त्याच्याच हाती राहिली. पण पुढे मानसिक आजाराचे कारण दाखवून जामीन मागितला गेला तेव्हा न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तो नाकारला. चित्रफितीतले त्याचे बोलणे नेमके कोणाविरुद्ध आणि किती जाणतेपणाचे होते, हे न्यायालयाने लक्षात घेतले. धर्म पाहून निवडलेल्या माणसांच्या हत्येला ‘आजार’ म्हणणे हा त्या तीन कुटुंबांवर अन्याय आहे, आणि खरोखर आजारी असलेल्या हजारोंवरही. मन बिघडलेले असणे आणि द्वेष असणे या दोन गोष्टी एकाच माणसात असू शकतात. एकीने दुसरी माफ होत नाही.

या सगळ्या उदाहरणांतून मला एक सूत्र दिसते. बंदूक आणि मन यांतले खरे दोषी कोण हे ठरवण्याची गरज नाही. वाईट तास बहुतेकांच्या आयुष्यात येतो. त्या तासात भरलेले हत्यार हाताच्या अंतरावर आहे का, आणि ‘माझे ठीक नाही’ असे सांगण्याची किंमत काय मोजावी लागते, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर सगळे ठरते. अमेरिकेत पहिल्याचे उत्तर बाजार देतो. बस्तरच्या छावणीत दोन्ही उत्तरे सरकार देते.

छावणीत रायफल चोवीस तास जवळ असते, कारण हल्ला कधीही होऊ शकतो. ती काढून घ्या असे सरसकट म्हणता येत नाही. माओवादी चळवळ आता ओसरली असली तरी गेली वीस वर्षे या जवानांनी काढलेले दिवस आठवावेत. मलेरिया, फोनला रेंज नाही, काटेरी तारांच्या आत महिनोन्‌महिने तीच ती तोंडे, बाहेर पडायचे तर आधी रस्ता तपासणारी तुकडी निघायला हवी. सुट्टी मंजूर झाली तरी काफिला किंवा हेलिकॉप्टर मिळेपर्यंत दोन-चार दिवस छावणीतच जातात. त्यात गावाकडे जमिनीचा खटला, आईचे दुखणे, बायकोशी फोनवर तुटक झालेले बोलणे. केंद्रीय दलातल्या जवानाला वर्षाला ६० दिवसांची अर्जित आणि १५ दिवसांची किरकोळ रजा मिळते. वर्षातले शंभर दिवस तरी जवानाने कुटुंबासोबत काढावेत असे उद्दिष्ट गृहमंत्री अमित शहा यांनी २०१९ मध्ये जाहीर केले. उद्दिष्ट चांगलेच आहे, पण मनुष्यबळ न वाढवता ते पुरे होणार कसे, याचे उत्तर कंपनी कमांडरलाच शोधावे लागते. आणि रजा नाकारणारा हात शेवटी त्याचाच असतो, म्हणून राग त्याच्यावरच निघतो. कडेनारनंतर पाचच दिवसांनी रांचीत निवडणूक बंदोबस्तासाठी गेलेल्या छत्तीसगड सशस्त्र दलाच्या जवानाने आपल्या कंपनी कमांडरला मारून स्वतःला संपवले होते.

डिसेंबर २०२४ मध्ये गृह मंत्रालयाने राज्यसभेत सांगितले की पाच वर्षांत केंद्रीय सशस्त्र दलांतल्या ७३० जणांनी आत्महत्या केली आणि ५५ हजारांहून अधिक जणांनी राजीनामा दिला किंवा मुदतीआधी निवृत्ती घेतली. त्याच माहितीतला एक तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: ८० टक्क्यांहून अधिक आत्महत्या रजेवरून परतल्यावर झाल्या. म्हणजे केवळ रजा मिळाली नाही म्हणून माणूस तुटतो ही समजूत अपुरी आहे. तो घरी जातो, तिथले न सुटलेले सगळे पाहतो, ते तसेच टाकून पुन्हा तारांच्या आत येतो आणि पहिल्याच पाळीला त्याच्या हाती रायफल दिली जाते.

मग तो सांगत का नाही? या दलांत आरोग्याची प्रतवारी ‘शेप’ नावाने होते. मन, ऐकणे, हातपाय, शरीर आणि दृष्टी या पाच गोष्टी तिच्यात येतात, आणि पहिली आहे ती मनाचीच. सगळ्यांत पहिली श्रेणी असली तरच ‘शेप-१’, आणि बढतीला ‘शेप-१’ लागते. झोप येत नाही, भीती वाटते, मरावेसे वाटते असे डॉक्टरला सांगितले की श्रेणी उतरण्याची धास्ती. रायफल काढून घेतली की बराकीत तो ‘मेंटल’ ठरतो. घरी पाठवायचे पैसे, मुलीचे शिक्षण, बढती हे सगळे पणाला लावून कोण बोलेल? महिन्याच्या सैनिक संमेलनात तक्रार मांडता येते, पण तिथे समोर तोच वरिष्ठ बसलेला असतो. केंद्रीय राखीव दलाने अलीकडे अनौपचारिक ‘चौपाल’ सुरू केली, छत्तीसगड पोलिसांनी २०२० मध्ये ‘स्पंदन’ अभियान चालवले. दोन्हींमागे तळमळ होती यात शंका नाही. पण बोलण्याची जागा दिली आणि बोलण्याची शिक्षा तशीच ठेवली, तर माणूस तिथे हवापाण्याबद्दलच बोलेल.

साधन दूर ठेवण्याने फरक पडतो का, याचे लष्करी उदाहरण इस्रायलचे आहे. तिथे तरुण सैनिक आठवड्याच्या सुट्टीत रायफल घेऊन घरी जात. २००६ मध्ये ती तळावर ठेवून जाण्याचा नियम झाला आणि सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. त्यांचे मन त्या वर्षी अचानक सुधारले नव्हते. वाईट रात्री हत्यार जवळ नव्हते इतकेच. विदर्भातल्या वाचकाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. घरात कीटकनाशकाचा डबा नसता तर अनेक शेतकरी सकाळपर्यंत जगले असते, हे यवतमाळच्या डॉक्टरांना ठाऊक आहे. श्रीलंकेने सर्वांत घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या काळात तिथला आत्महत्यांचा दर सत्तर टक्क्यांच्या आसपास खाली आला. ‘मरायचे ठरवलेला मरतोच’ ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. बंदुकीच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण तिने केलेल्या प्रयत्नातून दहातले नऊ जण वाचत नाहीत.

कायद्याची स्थिती आपल्याकडे अमेरिकेपेक्षा कितीतरी बरी आहे. तिथे १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने दिलेल्या हक्काशी प्रत्येक निर्बंधाला झगडावे लागते. तरीही कनेक्टिकटने १९९९ मध्ये धोक्याच्या खुणा दिसणाऱ्या माणसाची शस्त्रे काही काळ काढून घेण्याचा कायदा केला आणि पुढे वीसेक राज्ये त्या वाटेने गेली. आपल्याकडे शस्त्र बाळगणे हा हक्क नाही, परवाना आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ९ नुसार मनोविकल व्यक्तीला शस्त्र देता येत नाही, २०१६ च्या नियमांनुसार अर्जासोबत डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. प्रत्येक निवडणुकीआधी परवानाधारकांना बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात आणि मतमोजणीनंतर परत देतात. कोणाची त्यात बेइज्जती होत नाही. तात्पुरते शस्त्र जमा करणे ही कल्पना आपल्या प्रशासनाच्या अंगवळणी पडलेली आहे. दुसरीकडे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की एखाद्याला मानसिक आजार आहे म्हणून तो मनोविकल ठरत नाही. ते न्यायालयाने जाहीर करावे लागते. हे दोन्ही कायदे एकत्र वाचले तर मधली वाट आपोआप दिसते: आजाराचा शिक्का न मारता, ठरावीक मुदतीसाठी हत्यार बाजूला ठेवणे. पण सरकारी शस्त्र या सगळ्या परवान्यांच्या चौकटीबाहेर आहे. शिपायाच्या हातातल्या रायफलीसाठी परवाना नूतनीकरण नसते, शेजाऱ्याची हरकत नसते.

आणि उपचार? बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत छत्तीसगड होते. देशात प्रौढांपैकी सुमारे साडेदहा टक्के लोकांना त्या वेळी उपचारांची गरज होती. आजारानुसार त्यांतल्या ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत ते पोचत नव्हते. छत्तीसगडचे सरकारी मनोरुग्णालय बिलासपूरजवळ सेंदरीला आहे. ते होण्यापूर्वी इथली कुटुंबे रुग्णाला घेऊन नागपूरची गाडी पकडत. मध्य प्रांताच्या दिवसांपासून तीच वाट होती. आजही पहिली धाव डॉक्टरकडे नसते. जानेवारी २०२३ मध्ये आमच्या गुढियारीतल्या दहीहंडी मैदानावर बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींचा दरबार भरला, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतल्या श्याम मानव यांनी नागपूरहून दिलेल्या आव्हानामुळे तो मराठी वाहिन्यांवरही गाजला. तिथे ज्या आशेने लोक आले त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. घरात कोणी रात्रभर जागत असेल, स्वतःशी बोलत असेल, तर ते ऐकून घेणारा माणूस त्यांना दुसरीकडे भेटलाच नव्हता. जवानही याच घरांतून येतात. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली हे चांगले झाले, पण रेंज नसलेल्या छावणीतून तो क्रमांक लागत नाही.

लगेच करता येण्यासारख्या काही गोष्टी आहेत. अशा प्रत्येक घटनेनंतर होणाऱ्या बटालियनच्या चौकशीचे निष्कर्ष, नावे वगळून का होईना, मेनच्या आयोगाप्रमाणे लोकांसमोर यावेत: रजेचे अर्ज केव्हा आले, शेवटचा डॉक्टर केव्हा भेटला, कोणी इशारा दिला होता का. बिनशस्त्र कामावरची तीन महिन्यांची बदली, स्वयंपाकघर, वायरलेस, भांडार, ही जवानाला स्वतः मागता यावी आणि तिची नोंद बढतीच्या कागदात येऊ नये. ज्याने ती मागितली त्याची रायफल त्याच संध्याकाळी कोतमध्ये, म्हणजे छावणीच्या शस्त्रागारात, जावी, चर्चा न होता. आणि धोका सर्वांत जास्त रजेवरून परतल्यावर असेल तर परतणाऱ्याला थेट छावणीत नेऊन पहारा देऊ नये. बस्तरला जाणाऱ्या असंख्य जवानांची आगगाडी रायपूरलाच संपते. इथे त्याने एक दिवस थांबावे, दलाच्या बाहेरच्या, त्याच्या बढतीशी संबंध नसलेल्या माणसाशी तासभर बोलावे, घरचा जो प्रश्न अर्धा राहिला आहे त्यासाठी जिल्हाधिकाऱ्याला किंवा वकिलाला पत्र लागत असेल तर ते तिथेच लिहिले जावे. त्यासाठी नवी इमारत उभारायला नको. एम्सचा मनोविकार विभाग याच शहरात, टाटीबंधला आहे.